चार पिंपं शेण

२ मार्च

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग कागद बदलला. तुम्ही म्हणाला असतात, चारचौघांत बापाची अब्रू काढताना कुठे गेलं होतं तीर्थरूप. म्हणून नुसतंच बाबा.

माफी मागायला लिहीत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही तिची वाट बघत बसणार नाही. जनावरवाल्यांच्या सभेत मी पडद्यावर दाखवलेला फोटो खरा होता. आदल्या वर्षी पडलेला शेणाचा पो, कुरणात तसाच्या तसा, वाळून ताटासारखा झालेला. मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. "या कुरणात आता एकही शेणकिडा उरलेला नाही," एवढंच म्हणाले. फोटोच्या कोपऱ्यात आपलं कललेलं फाटक आलं आणि ते अख्ख्या सभेने ओळखलं, त्याला मी काय करणार? ते सरळ करा म्हणून आई माझ्या लहानपणापासून तुमच्या मागे लागली आहे.

तुम्ही उठलात. दाराशी थांबून म्हणालात, "तू किडे मोजत बस. माझ्या कुरणात पाय ठेवायचा नाही." किडे मोजतेच आहे, त्याचाच पगार घेते. पायही ठेवलेला नाही.

पण आता मला ते कुरण हवंय.

आमच्या किडेघरात शेणकिडे वाढवतात हे तुम्हाला ठाऊक आहे. "आमच्या मुलीला शेणात हात घालायचा पगार मिळतो" असं तुम्हीच भेटेल त्याला सांगायचात, आणि तेव्हा ते कौतुकाने सांगायचात. जी जात मी वाढवते ती एके काळी या भागातल्या प्रत्येक कुरणात होती. आता आमच्या डब्यांतच उरली आहे. जूनपर्यंत नवी पिढी तयार होईल आणि तिला मोकळ्या कुरणात सोडायचं आहे. ओढ्यालगतची भुसभुशीत माती आणि बारा महिने चरणारी जनावरं, असं कुरण मला एकच माहीत आहे.

अट एकच. गुरांच्या पाठीवर तुम्ही जे औषध ओतता, ते सरसकट सगळ्या कळपावर ओतणं थांबवायचं. ते गाईच्या पोटातल्या कृमी मारतं हे खरं. पण मग ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणात वाढणाऱ्या अळ्याही मारतं. अळ्या गेल्या की किडे गेले, आणि किडे गेले की शेण आहे तिथेच राहिलं.

विचार करा. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा. तुमच्या 'नाही'ची मला सवय आहे.

तुमची मुलगी

(खाली 'टाचणी' लिहिणार होते. पण ते नाव तुम्ही ठेवलंय आणि तुम्हीच टाकलंय. आधी तुम्ही उचला.)

२१ मार्च

बाबा,

आईचा फोन आला होता. म्हणाली, तुम्ही माझं पत्र न वाचता खिळ्यांच्या डब्यात टाकलंत. त्याच फोनमध्ये म्हणाली की तुम्ही फाटक सरळ केलंत, नवीन बिजागऱ्या घालून. म्हणजे खिळ्यांसाठी डबा उघडला असणार आणि पत्र आपोआप वाचलं गेलं असणार. मला चालेल.

तुम्ही किडेघरात कधी आला नाहीत, म्हणून आत काय चालतं ते सांगते. तळमजल्यावरची शेवटची खोली. खिडकी नाही. भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांवर डबे, डब्यांत ओलसर माती आणि वर जाळीचं झाकण. पाणी पिंपाएवढ्या टाकीतून येतं आणि पंखा सतत घुमतो. वासाबद्दल तुम्हाला काय सांगायचं. आमचे साहेब मात्र अजून दारातूनच बोलतात, रुमाल नाकाला लावून.

शेण आलं की आधी ते फ्रीझरमध्ये गोठवायचं, म्हणजे माशांची अंडी वगैरे जे काही बरोबर आलं असेल ते मरतं. मग बाहेर काढून, जाड फडक्यात पिळून, त्याचे लिंबाएवढे गोळे करायचे. गोळ्यात अंगठ्याने खळगा करायचा, ओल्या कुंचल्याने त्यात एक अंडं ठेवायचं आणि तोंड बंद करायचं. एका गोळ्यात एकच अंडं. अळी बाहेर आली की आतूनच खायला लागते. जन्मभराचं जेवण तेवढंच. गोळ्याला तडा गेला तर अळी स्वतःच्याच विष्ठेचा गिलावा करून तो बुजवते, म्हणजे गवंडीकामही तीच करते. आईला सांगा, कणकेचा गोळा नीट येत नाही म्हणून जिच्या पाठीत धपाटे घातलेस, तिचे गोळे आता साहेब पाहुण्यांना दाखवतात.

मादी हे सगळं जमिनीखाली, अंधारात करते. नर तिला शेण ओढून आणून देतो आणि भुयाराच्या तोंडाशी पहारा करतो. कोणी आत येऊ लागला की डोक्यावरच्या शिंगाने त्याला ढकलून देतो. बोलत काही नाही. ओळखीचा कोणी आठवला तर मी जबाबदार नाही.

मादी मात्र गोळे सोडत नाही. बुरशी आली की खरवडते, गोळे फिरवत राहते. पोरं बाहेर येईपर्यंत ती अन्नाला तोंड लावत नाही. मी तिची अंडी काढून घेते तेव्हा मला दर वेळी वाईट वाटतं, आणि दर वेळी मी ती काढून घेते. एकीच्या भुयारात जेवढी जगतील त्याहून माझ्या हातात जास्त जगतात.

कुरणाचं काय ठरलं?

तुमची मुलगी

१२ एप्रिल

बाबा,

तुमचं उत्तर आईकडून पोचलं. आई म्हणाली, "मी माझ्या मनाचं बोलतेय हं," आणि मग तुमच्या आवाजात बोलली: "औषध थांबवून गुरांना कृमी झाल्या, वासरं मेली, तर हिचे किडे दूध देणार आहेत का?"

प्रश्न चोख आहे. दूध देणार नाहीत. उत्तर देते, ते शांतपणे वाचा, डबा आपटू नका.

औषध कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही. जे जनावर खंगलेलं दिसतं, ज्याच्या शेणाच्या तपासणीत कृमी निघतात, त्याला द्या आणि तेवढे दिवस वेगळं बांधा. शेण तपासून मी देते, फुकट. एकाचं डोकं दुखलं म्हणून घरातल्या सगळ्यांना गोळी देत नाही ना आपण?

आणि कळपाला आत्ता काय सुख आहे तेही बघा. एकेक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. ते उचलून खाली न्यायला कोणी नाही. पोच्या खाली गवत मरतं. भोवताली उंच वाढतं ते गाय खात नाही, कारण गाय आपल्या शेणाशेजारचं खात नाही. तुम्ही म्हणता जनावर चोखंदळ झालंय. चोखंदळ नाही, तिला जागाच उरली नाही. त्या शेणात माशा वाढतात आणि आई म्हणते वासरांचे डोळे सतत गळतात. शेणकिडे असते तर ताजा पो दोन-तीन दिवसांत खाली गेला असता, माशीच्या अळीला वाढायला वेळच मिळाला नसता. त्यांच्या भुयारांतून पाणी आत मुरलं असतं. पूर्वी ओढ्याकडचा उतार कोरड्या दिवसांतही मऊ असायचा, आठवतं? अनवाणी पळायचो. आता तिथे फावडं वाजतं म्हणे.

तुमची एक म्हण आहे ना, पडलेलं शेण माती घेऊनच उठतं? सभेनंतरही म्हणाला होतात, आता लोक बोलणार आणि थोडं तरी चिकटणारच. बाबा, तुमच्या कुरणात ती म्हण खोटी झाली आहे. फोटो काढला त्या दिवशी मी तो पो उचलून पाहिला होता. खाली मातीचा कण लागलेला नव्हता. लख्ख निघाला. मला तिथेच रडू आलं, आणि त्याच तिरीमिरीत मी फोटो काढला. म्हणून फाटकाकडे लक्ष नव्हतं.

आणखी एक. साहेबांनी आज दारातूनच सांगितलं की या हंगामात नवी पिढी उभी राहिली नाही तर किडेघर बंद. या खोलीत फायलींची कपाटं ठेवायची आहेत. मी म्हटलं, "कपाटांना ओलसर माती लागत नाही, त्यांना वरच्या मजल्यावर ठेवा." ते हसले नाहीत. काळजी करू नका. गोळे भरलेले आहेत, आत अळ्या आहेत. जूनला मी किडे घेऊन उभी असेन. तुमच्या फाटकाशी नाही तर दुसऱ्या कोणाच्या, पण मला तुमचंच हवंय.

तुमची मुलगी

६ मे

बाबा,

अळ्या मेल्या.

एव्हाना अळ्यांचा रंग बदलायला हवा होता, तो बघायला आज एक गोळा फोडला. आत अळी काळी पडलेली, सुकलेली. दुसरा फोडला. मग अख्खी मांडणी फोडली. संध्याकाळपर्यंत जमिनीवर फुटके गोळे आणि मी.

आम्ही शेण आणतो ते इथून जवळच्या गोठ्यातून, दूधवाल्या काकांकडून. ते आपल्या गुरांना औषध देतात ते माझं शेण नेऊन झालं की, अशी वर्षानुवर्षांची रीत. मी तशीच त्यांच्याकडे गेले.

"काका, या वेळी औषध कधी दिलंत?"

"यंदा आधीच दिलं," काका म्हणाले. चेहरा असा फुललेला. "मनात म्हटलं, ताई किड्यांसाठी शेण नेतात, लेकरासारखं सांभाळतात त्यांना. मग आजारी गाईचं का द्यायचं? तुम्ही यायच्या आधी एकूण एक जनावराच्या पाठीवर ओतलं. खर्चाकडे पाहिलं नाही."

त्यांनी वर चहा दिला. तो मी प्यायले आणि 'चांगलं केलंत' म्हणाले. परत येताना रस्त्यात थांबून एका भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजला आहे.

जुन्या माद्यांपैकी थोड्या जिवंत आहेत. त्यांनी ते शेण कमी खाल्लं असावं. त्यांना अंडी घालायला ताजं शेण हवं, ज्यात औषधाचा थेंब नाही असं. सगळीकडे फोन केले. सगळे ओततात. कोणी म्हणतं महिन्यापूर्वी, कोणी म्हणतं परवा. एक जण म्हणाला, "बाई, औषध न देता गाय पाळायची म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखं झालं."

साहेबांनी अजून डबे बघितलेले नाहीत. बघतील.

मुलगी

९ मे

बाबा,

हे पत्र कामाचं आहे, लहान आहे.

तांबडी म्हातारी झाली, दूध देत नाही, म्हणून तुम्ही तिच्यावर औषध वाया घालवत नाही आणि तिला ओढ्याच्या कोपऱ्यात वेगळी ठेवता, असं आई बोलता बोलता म्हणाली. बाकी कोणी असता तर अशी गाय कधीच विकली असती. तुम्ही ठेवलीत. का ठेवलीत ते आई सांगत नाही आणि मीही विचारत नाही, पण मला बरं वाटलं.

मला तिचं एक बादली शेण हवं आहे. दुधाची गाडी तुमच्याकडून निघते ती इथल्या चौकावरूनच जाते. ड्रायव्हरकडे द्या. मी चौकात येऊन घेईन.

कुरण देऊ नका हवं तर. बोलू नका. फक्त एक बादली.

२० मे

बाबा,

रोज दुधाच्या गाडीला जाऊन उभी राहते. ड्रायव्हर लांबूनच मान हलवतो. आता तर चौकातल्या पानवाल्यालाही कळलंय की मी शेणाची वाट बघते. परवा म्हणाला, "ताई, पार्सल मौल्यवान दिसतंय." मी म्हटलं, आहे.

साहेबांनी डबे पाहिले. आज किल्ली मागितली. मी दिली नाही. म्हटलं, "माद्या जिवंत आहेत तोवर खोली माझी. शेवटची मेली की मीच आणून देईन, टेबलावर ठेवीन." ते म्हणाले, "हट्ट कोणाकडून शिकलात?" मी म्हटलं, वंशपरंपरागत आहे, औषध नाही.

तुमच्या मौनाचा मला राग आला आहे, तो लिहून ठेवते. सभेतला फोटो तुम्हाला लागला हे मला कळतं. पण मी तुमच्याविरुद्ध उभी राहिले नव्हते. मी त्या कुरणासाठी उभी होते. ते माझंही आहे. मालकीने नव्हे, पण गुडघ्यांवरच्या खुणांनी आहेच. तुम्ही गप्प राहून ते काढून घेऊ शकत नाही.

उद्याही चौकात जाणार आहे. परवाही. तुम्ही थकेपर्यंत.

मुलगी

२ जून

बाबा,

ड्रायव्हर परवाच्या परवा चौकात गाडी थांबवून खाली उतरला आणि मागचं दार उघडून म्हणाला, "घ्या. आणि हे चौथं आडवं करायचं नाही असं तुमच्या वडिलांनी चार वेळा बजावलंय. दुधाला इतकं जपत नाहीत."

मी बादली मागितली होती. चार पिंपं होती.

पानवाल्याने हात लावला, दोन रिक्षावाल्यांनी लावला. किडेघरात आणल्यावर मी नियमाप्रमाणे पहिली तीन फ्रीझरकडे नेली. झाकण उघडून पाहिलं तर तिन्हींत ताजं, त्याच सकाळचं शेण, काठोकाठ. तेव्हा मी खाली बसले. तांबडी किती म्हातारी आहे आणि दिवसाला किती शेण टाकते हे मला कोणी सांगायला नको, शाळेला जायच्या आधी तेच घमेल्यात भरायचे मी. तिला तीन पिंपं भरायला आठवडा लागला असता. हे तिचं एकटीचं नाही. हे कळपाचं आहे.

म्हणजे तुम्ही औषध थांबवलंत. बाकीच्यांच्या शेणातून ते उतरायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही थांबून राहिलात आणि म्हणूनच इतके दिवस गाडी रिकामी आली. मी इथे भिंतींना लाथा मारत होते आणि तुम्ही तिथे शेण स्वच्छ व्हायची वाट बघत होतात. एका ओळीने सांगता आलं असतं. पण मग ते तुम्ही कसले?

तरीही दुधाने तोंड पोळलंय म्हणून मी ताकही फुंकून प्यायले. तिन्ही पिंपांतलं थोडं थोडं शेण माद्यांना घातलं आणि थांबले. आज डबे उघडले. सगळ्या जिवंत आहेत, पोटं तुकतुकीत, आणि मातीत नवे गोळे वळलेले. तुमच्या शेणात औषध नाही. साहेबांना दारातून आत बोलावून दाखवलं. आले. रुमाल विसरले. किल्लीचं नाव काढलं नाही.

आता चौथं पिंप.

ते तिघांना उचलेना. मला वाटलं, ओलं जास्त असेल. त्यालाही मी फ्रीझरकडेच ढकलत होते. झाकणाची कडी काढताना तिला बांधलेली चिठ्ठी दिसली. खिळ्याच्या डब्याच्या गंजाचा डाग तिच्यावर आहे आणि अक्षर तुमचं. दोनच शब्द.

"टाचणी, मोज."

शेण मी घमेल्यात उलटं काढलं. फावड्याने उचललेले पो, एकावर एक, मध्ये गवत घालून. आणि प्रत्येकाच्या खाली वीतभर माती. नुसती चिकटलेली नाही, भोकाभोकांची, चाळणी झालेली माती. बोटाने फोडली तर भुयार. भुयारात शिंगवाला नर, मला ढकलायला बघत होता. त्याच्या मागे मादी आणि तिचे गोळे. एक गोळा उजेडाशी धरून हळूच खरवडला. आत पांढरी, जाड, जिवंत अळी होती. तिने माझ्यादेखत ते भोक लिंपून टाकलं. मी तिथे जमिनीवर बसून रडले, हे आईला सांगा, तुम्ही वाचू नका.

ओढ्याचा तो कोपरा असणार. तांबडीचा. तिचं शेण या किड्यांना लागत होतं, म्हणून तर तुम्ही माझी बादली अडवलीत. तिथे मी फोटो काढायला गेलेच नव्हते, फाटकाशीच थांबले होते. तुम्हाला ते माहीत होतं का, सभेच्या दिवशीसुद्धा? की माझं बोलणं ऐकून गेलात आणि फावडं घेऊन शोधत बसलात? आई म्हणते, "मला काही विचारू नकोस, ते रोज संध्याकाळी ओढ्याकडे जातात आणि गुडघ्यांना माती लावून येतात." या वयात, बाबा.

मोजायला सांगितलंत, मोजले. आकडा पत्रात लिहीत नाही, समोर सांगेन. रविवारी येते. यातले अर्धे इथे वाढवायला ठेवते आणि अर्धे परत घेऊन येते, कारण ते तुमचे आहेत आणि बाकीच्या कुरणाला त्यांची गरज आहे. तांबडीचा कोपरा सोडून दुसरीकडे कुठे माती मऊ करून ठेवता आली तर ठेवा. शेण तपासायचा डबाही आणते. ज्या जनावराला खरोखर औषध लागेल त्याला आपण मिळून देऊ.

पाय ठेवायचा नाही असं म्हणाला होतात. ते मागे घ्या असं मी म्हणणार नाही. तुम्हाला जमणारही नाही. फाटक उघडं असलं तर मी समजेन.

पुढच्या महिन्यात जनावरवाल्यांची सभा आहे. मी उठून सांगणार आहे की 'एकही नाही' म्हणाले ते चूक होतं, आणि चूक कुठे झाली तेही. पडद्यावर त्याच कुरणाचा नवा फोटो दाखवायचा आहे, माती घेऊन उठलेल्या शेणाचा. तो या वेळी तुम्ही काढा. फाटकासकट काढा.

टाचणी